सात अशक्य वजनं

ऑफिसात त्याला सगळे चाळणी म्हणत. हे नाव कुणी पाडलं ते आता कुणालाच आठवत नव्हतं, पण ते इतकं घट्ट चिकटलं होतं की नवीन आलेली मंडळी त्याचं खरं नाव विचारायच्या भानगडीतच पडत नसत. त्याला त्याचा राग यायचा नाही. उलट कुणी 'चाळणीसाहेब' म्हटलं की गडी मनातल्या मनात खूश व्हायचा. काम तसंच होतं ना. बाहेरून आकडे यायचे, खडेमातीसकट, आणि त्यातले खडे वेचून फेकायचे. सव्वीस वर्षं तो हेच करत आला होता. आपल्या हाताखालून एक खडा सुटला नाही, अशी त्याची बढाई होती. बढाई खरी होती, आणि तेच पुढे नडलं.

सरकारनं एक योजना काढली होती. तीन वर्षांखालच्या मुलांच्या घरी दर आठवड्याला सकस पिठाचं पाकीट द्यायचं आणि महिन्यातून एकदा वजन करायचं. दोन वर्षं पाकिटं वाटून झाल्यावर सरकारच्या मनात आलं की मुलं खरंच अंग धरतायत की नुसतीच पाकिटं रिकामी होतायत, ते बघावं. ते बघायचं काम चाळणीच्या ऑफिसकडे आलं. अठरा मापवाल्या बायका नेमल्या. एकेकीच्या गळ्यात टांगायचा काटा, खांद्यावर मुलाला बसवायची कापडी झोळी आणि काखेत उंची मोजायची फळी. त्या वस्त्यावस्त्यांतून फिरायच्या आणि संध्याकाळी आकडे पाठवायच्या. चाळणी तिसऱ्या मजल्यावर, खिडकीला पाठ करून बसायचा आणि चाळायचा.

चाळायचे नियम होते आणि ते काही त्याच्या मनचे नव्हते. वयाच्या मानानं वजन एका ठरावीक रेषेच्या खाली गेलं की ते वजन नव्हेच, ती मापाची चूक, असं धरायचं. काटा हलला असेल, वय चुकलं असेल, नऊ लिहायच्या ऐवजी चार लिहिला गेला असेल. असा आकडा लाल व्हायचा आणि बाहेर जायचा. सगळीकडे हेच करतात. एक गोष्ट मात्र चाळणीच्या स्वतःच्या डोक्यातून निघाली होती. पूर्वी मापवालीला एखादं मूल फारच खंगलेलं दिसलं की ती तिथल्या तिथे दवाखान्याची चिठ्ठी फाडून द्यायची. मग दवाखान्यात इतकी गर्दी व्हायला लागली की डॉक्टरांच्या नाकी नऊ आले आणि त्यांनी ऑफिसच्या नावानं बोटं मोडली. तेव्हा चाळणीनं सुचवलं की चिठ्ठ्या बंद करा, आकडे आधी माझ्याकडे येऊ द्या, चाळून झाले की त्यातूनच मी यादी काढतो आणि यादीतल्या मुलांना आणायला दवाखान्याची गाडी घरापर्यंत जाईल. ऑफिसच्या मुख्य मॅडमनी भर बैठकीत त्याची पाठ थोपटली होती. खरं तर युक्ती झकासच होती. फक्त जो आकडा चाळणीतून बाहेर पडला तो यादीतूनही बाहेर पडतो, एवढं साधं कुणाच्या लक्षात आलं नाही. चाळणीच्याही नाही.

दगडाच्या खाणीमागच्या वस्तीतून सात आकडे लाल झाले. सातही एकाच मापवालीचे. ही बाई पन्नाशीची, पूर्वी बाळंतिणींच्या दवाखान्यात मदतनीस होती, कमी बोलणारी. नव्वद मुलांत सात चुका म्हणजे फारच झालं. शंभरात पाचाच्या वर गेलं की मापवालीला घरी पाठवायचं, हाही नियमच होता. चाळणीनं तिला बोलावून घेतलं आणि पडद्यावर एकेक आकडा दाखवत चांगलं फैलावर घेतलं. वीस महिन्यांची मुलगी, वजन चार किलो सातशे. लक्ष कुठे होतं तुमचं, त्यानं विचारलं. बाई म्हणाली, कपडे काढून दोनदा तोललं होतं. चाळणीनं समजुतीचा सूर लावला. हे बघा बाई, अडाण्यासारखं करू नका.

"वीस महिन्यांचं मूल एवढ्या वजनाचं असूच शकत नाही," तो म्हणाला. "एवढ्या वजनाचं मूल जगतच नाही."

"तेच तर मी सांगतेय, साहेब," बाई म्हणाली.

त्याला वाटलं, बाई उलट उत्तर देतेय. त्यानं तिचं नाव कमी केलं. ती गेली तेव्हा काटा, झोळी, फळी सगळं नीट पुसून टेबलावर ठेवून गेली, आणि तो दुसऱ्या कामाला लागला.

सहा आठवडे गेले. अहवाल छापायला जायच्या बेतात होता आणि तो छानच झाला होता. मुलं सुधारली होती. शेवटी एक तक्ता जोडायचा होता, कोणाकोणाची मापं का बाद केली त्याचा, आणि बाईच्या नावापुढे 'काटा नादुरुस्त' असं लिहायचं होतं. आता चाळणी म्हणजे चाळणी, तपासल्याशिवाय लिहील कसा? त्यानं कपाटातलं पाच किलोचं प्रमाण वजन काढलं आणि बाईच्या काट्याला टांगलं. काट्यानं पाच दाखवले. त्यानं काढून पुन्हा टांगलं, पुन्हा पाच. मग दोन किलोचं, मग अर्ध्याचं. काटा एका ग्रॅमचंही खोटं बोलत नव्हता. त्यानं फळी मोजपट्टीला लावली, तीही बरोबर. मग बाईनं भरलेले कागद काढले. त्याच्या स्वतःच्या मुलीलाही कधी इतक्या सुबक अक्षरात चार ओळी लिहिता आल्या नाहीत. चाराचा चार, नवाचा नऊ.

तो घरी गेला आणि ताटातला भात नुसता चिवडत बसला. त्याची बायको शाळेच्या ग्रंथालयात काम करायची, पोरांच्या चेहऱ्यावरून कुणी पुस्तकाचं पान फाडलं ते ओळखणारी. तिनं ताबडतोब विचारलं. त्यानं सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं आणि म्हणाली, तू नियमानं वागलास, उगाच जीव का जाळतोस. मन हलकं व्हावं म्हणूनच म्हणाली बिचारी. पण ज्याला मार हवाय त्याला कुणी कुरवाळायला लागलं की तो आणखीच कानकोंडा होतो. त्यानं ताट बाजूला सारलं.

सुट्टीचा दिवस होता तरी सकाळी लवकर उठून तो खाणीमागच्या वस्तीत गेला. सव्वीस वर्षांत तो वस्तीत कधी गेला नव्हता, आकडेच त्याच्याकडे येत. हातात सात जणांचा कागद होता, त्यात नावं नव्हती, घरांचे नंबर होते. अरुंद गल्ल्या, पत्र्याची छपरं, सगळ्यावर दगडाची पांढरी भुकटी. माणसं शिंकत होती, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे धुतल्यासारखे दिसत नव्हते. बायका पाण्याच्या रांगेत होत्या. त्यांतल्या एकीनं त्याला पहिलं घर दाखवलं.

पहिलं मूल जमिनीवर बसलं होतं. वजन करायची गरजच नव्हती. काट्याची गरज नसते असंही काही असतं, हे चाळणीला त्या दिवशी कळलं. मुलाचं डोकं तेवढं वयाचं होतं, खाली सगळं कुणा लहानग्या बाळाचं. पाकिटांचं काय झालं, त्यानं विचारलं. आई म्हणाली, घरात पाच जण आहेत, पाकीट एक. एवढ्या एका वाक्यात अख्ख्या अहवालाचा निकाल लागला होता, पण ते पुढचं. त्यानं तिथूनच दवाखान्याला फोन लावला, पहिल्यांदा गोडीत बोलला, मग आवाज चढवला, आणि तासाभरात गाडी गल्लीच्या तोंडाशी आणून उभी केली. दुसरं घर, तिसरं, चौथं. मुलं नुसते हाडांचे सापळे झाली होती, पण जिवंत होती. एकेक मूल गाडीत चढलं तसा त्याचा जीव भांड्यात पडत गेला. पाचवं. सहावं. सहाव्याच्या आजोबांनी त्याचे दोन्ही हात धरले आणि देवमाणूस म्हणाले. खोटं कशाला सांगा, त्याला बरं वाटलं. उशीर झाला पण निभावलं, असं म्हणत तो सातव्या घराकडे चढला, जवळजवळ शीळ घालायच्या बेतात.

सातवं घर टोकाला होतं. एक तरुण बाई दारात भांडी घासत होती आणि आत खाटेवर म्हातारी सासू पाठमोरी बसली होती. चाळणीनं वजनाच्या कामावरून आलो म्हटलं तशी बाई हात पुसत उठली. तिनं त्याच्या खांद्यावरून खाली गल्लीच्या तोंडाशी पाहिलं. गाडी तिथून दिसत होती. मुलगी कुठाय, त्यानं विचारलं.

मुलगी गेली होती. परवाच्या बुधवारी तीन आठवडे झाले. बाईनं ते एका दमात सांगितलं, पुष्कळ जणांना सांगून झाल्यासारखं. मापवाल्या बाईंनी वजन केलं तेव्हाच बजावलं होतं, ती म्हणाली, की आकडा साहेबांकडे पाठवलाय, तिकडून गाडी येईल, घर सोडून कुठे जाऊ नका. तिनं पिशवी भरून ठेवली होती. मुलीची दोन झबली, चादर, वाटी. रोज मुलीला आंघोळ घालून बसायची. मध्येच एका सकाळी मुलीचं लक्षण बरं वाटेना तेव्हा नवरा म्हणाला होता, खांद्यावर टाकून चालत जाऊ दवाखान्यात, तर हीच म्हणाली, नको, आपण निघालो आणि तिकडून गाडी आली तर चुकामूक होईल. मग बहिणीचं बाळंतपण अडलं. दोन दिवस मुलीला घेऊन बहिणीकडे जावं लागलं, दुसरं कुणीच नव्हतं. परत आली तर शेजारी म्हणाले, एक पांढरी गाडी आलेली दिसली होती खाली. आणि झालं. नवऱ्यानं ते धरून ठेवलं, सासूनं धरून ठेवलं. गाडी दारात आली आणि ही बया बहिणीकडे. पोरीच्या मरणाचं खापर तिच्या डोक्यावर फुटलं ते फुटलंच. हे सगळं तिनं कुणाची तक्रार करावी तसं नाही सांगितलं. आपलंच चुकलं, असं तिला स्वतःलाही वाटत होतं.

"साहेब," तिनं विचारलं, "त्या दोन दिवसांतच आली होती ना गाडी?"

आता इथे सांगायला हवं होतं. एवढं साधं होतं. नाही आली, एवढे दोनच शब्द. पण खाटेवरच्या सासूनं मान वळवली होती. त्याला एवढंच कळत होतं की इथून खाली उतरून गाडीपाशी जायचंय, जिथे एक आजोबा त्याला देवमाणूस म्हणाले होते.

"असेल," तो म्हणाला. "आली असेल."

बाईनं मान डोलावली. मग म्हणाली, तुम्हाला उगाच हेलपाटा पडला, आणि पाणी घ्या म्हणाली. तो ते पाणी प्यायला. पाणी प्यायला, पेला परत दिला आणि उतरला. माणूस किती भेकड असू शकतो याला काही माप नसतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यानं मॅडमना सगळं सांगितलं, फक्त 'असेल' सोडून. मॅडम चांगल्या होत्या, त्या हबकल्या. त्यांनी छपाई थांबवली, सातही आकडे परत आत घ्यायला सांगितले, चिठ्ठ्या पुन्हा मापवाल्यांच्या हाती दिल्या. हे सगळं त्यांनी अर्ध्या तासात केलं. मग चाळणी आकडे परत घालायला बसला आणि तिथे आणखी एक गोष्ट त्याच्या अंगावर आली. अहवाल छापायच्या वेळी जी मुलं जिवंत असतील त्यांचंच वजन धरतात. चार किलो सातशेची ती मुलगी आता धरायची नव्हती. ती गेल्यामुळे वस्तीची सरासरी वर सरकली होती. योजना तेवढी यशस्वी झाली होती. बाजूचा सहकारी चहाला बोलवायला आला आणि त्याचा चेहरा बघून परत फिरला.

मॅडमनी खाली तळटीप टाकू म्हटलं. स्वतःला दोष देऊ नकोस, असंही म्हणाल्या. सगळेच म्हणत होते. कुणी एक माणूस त्याला दोष द्यायला तयार नव्हता, आणि जिला द्यायचा अधिकार होता ती स्वतःलाच देत बसली होती.

संध्याकाळी तो मापवाल्या बाईच्या घरी गेला. बाई आता कपड्यांच्या कारखान्यातून काम आणायची, शिवून झालेल्या सदऱ्यांचे लोंबते धागे कापायचं. मांडीवर सदरा, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. तिनं त्याला बसायला स्टूल दिलं आणि कात्री चालूच ठेवली. त्यानं माफी मागितली. काटा बरोबर होता, तुम्ही बरोबर होतात, कामावर परत या. सहा मुलं दवाखान्यात पोचली, तीही आनंदाची बातमी म्हणून सांगितली. बाई ऐकत होती. कात्री थांबली.

सातवी, तिनं विचारलं. टोकाच्या घरातली. झोळीत बसवली की दोरी घट्ट धरायची ती.

चाळणीला ती दोरी धरायची हे माहीत असण्याचं कारण नव्हतं. त्याच्याकडे घराचा नंबर होता. गेली, तो म्हणाला. बाईनं चष्मा काढला आणि सदऱ्यानंच डोळे पुसले. चष्मा परत लावून तिनं मुलीच्या आईचं विचारलं, ती कशी आहे. आणि मग, बायकोला न सांगितलेलं, मॅडमना न सांगितलेलं ते त्यानं तिला सांगितलं. बहिणीकडचे दोन दिवस, पांढरी गाडी, सासू, आणि 'असेल'. आता ही तरी चार शब्द सुनावेल, अशी त्याला आशा होती.

"माझा आकडा खोडलात ते मी सोडून देते," बाई म्हणाली. "मला कामावरून काढलंत, तेही सोडून देते. पण ती पोर त्या घरात रोज बोलणी खात असेल, साहेब. ते माझ्या हातात नाही सोडायला."

तो म्हणाला, ऑफिसकडून रीतसर पत्र पाठवतो, सही-शिक्क्यानिशी. पत्र कोण वाचणार तिथे, बाई म्हणाली, आणि वाचलं तरी आईला कळेल, सासूचं काय. तुम्ही जा. घरात सगळे असतील तेव्हा जा. तुमच्याबरोबर मी येऊ का, हे तिनं विचारलं नाही आणि त्यालाही विचारायचा धीर झाला नाही. तिनं सदरा पुन्हा मांडीवर घेतला.

दुसऱ्या दिवशी खाणीतली पाळी सुटल्यावर तो वस्ती चढला. वाटेत दोनदा थांबला, एकदा उगाचच बुटाची नाडी सोडून बांधली. सहाव्या घराच्या दारातून आजोबांनी हात हलवला, त्यानं तिकडे बघायचं टाळलं. टोकाच्या घरी नवरा नुकताच आला होता, बाहेर दगडावर बसून पायांची भुकटी धूत होता. सासू खाटेवर. बाई चुलीपाशी. त्याला बघून ती दारात आली, आणि पदराला हात पुसता पुसता तिनं आधी खाली गल्लीकडे पाहिलं. आज तिथे गाडी नव्हती.

त्यानं वाटेत चांगली चार वाक्यं जुळवली होती. नियम असा होता, यादी अशी निघायची, त्यात अशी गफलत झाली. त्यातलं एकही तोंडातून निघालं नाही.

"गाडी आली नव्हती," तो म्हणाला. "कधीच नाही. मी पाठवलीच नाही. तुमच्या मुलीचं वजन मला खरं वाटलं नाही, म्हणून मी तिला यादीतून काढून टाकलं. ती पांढरी गाडी दुसरी कुठली तरी असेल, आमची नव्हती. परवा तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

नवऱ्याच्या हातातला तांब्या तसाच राहिला, पाणी पायावरून वाहत गेलं. चाळणीनं मान खाली घातली आणि वाट बघत राहिला. शिव्या आल्या असत्या तर घेतल्या असत्या, हात उगारला असता तर गाल पुढे केला असता, त्याची सगळी तयारी होती. पण त्याच्या तयारीशी बाईला काही देणंघेणं नव्हतं.

"मी घरी असते तरी?" तिनं विचारलं.

"तरी नसती आली."

"बहिणीकडे गेलेच नसते तरी?"

"तरीही."

तिनं पुढे होऊन त्याच्या सदऱ्याची बाही धरली. त्याला वाटलं, ती कोसळतेय, म्हणून तो सावरायला गेला. पण ती त्याला ओढत होती. उंबऱ्यावरून आत, अंधाऱ्या खोलीत, खाटेपाशी. सासू डोळे बारीक करून बघत होती. मागून नवरा ओल्या पायांनी दारात येऊन उभा राहिला.

"यांना ऐकायला कमी येतं," ती म्हणाली. "मोठ्यानं सांगा."

त्यानं मोठ्यानं सांगितलं. शेजारच्या दोन बायका दाराशी आल्या, मग आणखी कुणी आलं. बाईनं त्यांच्याकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, आणि बाही सोडली नाही.

"परत सांगा," ती म्हणाली.